‘यप्पी’ला आरोपी करून हॉलिवूडने कोणाला सोडून दिले?

१/ दर दोन-चार महिन्यांनी गॉर्डन गेकोचे ते भाषण समाजमाध्यमांवर पुन्हा फिरू लागते. ‘वॉल स्ट्रीट’ (१९८७) मधला प्रसंग. मागे चापून बसवलेले केस, हातात माइक, समोर भागधारकांची भरगच्च सभा आणि हाव ही हितकारकच असते असा युक्तिवाद. काही जण ती चित्रफीत ‘मोटिव्हेशन’ म्हणून टाकतात. काही जण तिच्याखाली गंभीरपणे लिहितात की पाहा, त्या काळच्या सिनेमाने भोगवादावर किती कठोर प्रहार केला होता.

माझे भांडण या दुसऱ्या गटाशी आहे. पहिल्या गटाने निदान सिनेमा नीट पाहिलेला असतो.

२/ प्रतिपादन आधीच सांगून टाकतो. १९८० च्या दशकातील अमेरिकन सिनेमाने महत्त्वाकांक्षी तरुण नोकरदाराला पुन्हा पुन्हा पिंजऱ्यात उभे केले. त्याचे घर, त्याचे कपडे, त्याचे प्रेमसंबंध, त्याचा खोटेपणा या साऱ्यांचा पंचनामा केला. पण तो ज्या व्यवहारावर पोसला गेला होता तो व्यवहार, म्हणजे कर्ज काढून कंपन्या गिळणे, त्यांचे तुकडे करून विकणे आणि कामगारांचे करार मोडणे, साक्षीलासुद्धा बोलावला नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

३/ प्रथम शब्दाची कुळकथा. ‘यंग अर्बन प्रोफेशनल’ या तीन शब्दांच्या आद्याक्षरांपासून ‘यप्पी’ हा शब्द बनला. छापील स्वरूपात तो १९८० मध्ये शिकागोतील एका मासिकात आढळतो. १९८३ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’चे स्तंभलेखक बॉब ग्रीन यांनी जेरी रुबिन यांच्यावरील लेखात तो वापरला आणि तो तोंडोतोंडी झाला. १९८४ च्या अखेरीस ‘न्यूजवीक’ने ते संपूर्ण वर्षच यप्पींच्या नावे करून टाकले.

४/ हे जेरी रुबिन कोण? ऑगस्ट १९६७ मध्ये ॲबी हॉफमन आणि त्यांच्या साथीदारांनी न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या प्रेक्षक-सज्जातून खालच्या दलालांवर डॉलरच्या नोटा उधळल्या होत्या. त्या टोळक्यात रुबिन होते. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातील हे बिनीचे आंदोलक. आणि १९८० मध्ये हेच गृहस्थ वॉल स्ट्रीटवरील एका पेढीत नोकरीला लागले!

वृत्तपत्रांना असा माणूस म्हणजे आयते घबाडच. पण त्यातून एक साचा तयार झाला, तो मात्र महागात पडला. ‘ध्येयवादी तरुण विकला गेला’ ही एका माणसाच्या चारित्र्याची गोष्ट आहे. ‘द बिग चिल’ (१९८३) पासून पुढे दशकभर हॉलिवूडने हाच साचा वापरला. विकत घेणारा कोण होता आणि त्याच्याकडे पैसा कोठून आला, हे प्रश्न त्या साच्यात मावतच नाहीत.

५/ प्रत्यक्षात त्या वर्षांत काय चालले होते? ऑगस्ट १९८१ मध्ये हवाई वाहतूक नियंत्रकांनी संप केला. अध्यक्ष रेगन यांनी अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिली आणि ११ हजारांहून अधिक नियंत्रकांना बडतर्फ केले. पुढे कित्येक खाजगी मालकांनी त्यावरून धडा घेतला. रेगन आले तेव्हा प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ७० टक्के होता, गेले तेव्हा तो २८ टक्क्यांवर आला होता. केंद्रीय किमान वेतन जानेवारी १९८१ मध्ये ताशी ३.३५ डॉलर झाले आणि त्यांच्या आठ वर्षांच्या कारकिर्दीत एका सेंटनेही वाढले नाही.

हे तीन आकडे लक्षात ठेवा. आता सिनेमाकडे वळू.

६/ ‘वॉल स्ट्रीट’चे कथानक १९८५ सालात घडते. बड फॉक्स (चार्ली शीन) हा तरुण दलाल. त्याचे वडील कार्ल हे ब्लूस्टार या विमान कंपनीत देखभाल विभागाचे फोरमन आणि युनियनचे नेते. ती भूमिका चार्लीचे खरे वडील मार्टिन शीन यांनीच केली आहे. गेको ब्लूस्टार विकत घेतो. बडला वाटते, कंपनी वाचेल. प्रत्यक्षात गेकोला ती मोडून विकायची असते, कारण कामगारांच्या निवृत्तिवेतन निधीत जादा पैसा पडून असतो.

इथपर्यंत ऑलिव्हर स्टोन यांना पूर्ण गुण. निवृत्तिवेतन निधीवर डोळा ठेवून कंपन्या गिळणे हा त्या काळचा खराखुरा धंदा होता आणि तो पडद्यावर आणण्याचे धैर्य फार थोड्यांनी दाखवले.

७/ पण कंपनी वाचते कशी, हे कोणालाच आठवत नसते. कामगार संप करीत नाहीत. न्यायालय आडवे येत नाही. कायदा बदलत नाही. बड दुसऱ्या एका धनाढ्याकडे जातो, सर लॅरी वाइल्डमन यांच्याकडे, आणि युनियनच्या सहकार्याच्या हमीवर ब्लूस्टार त्यांच्या पदरात घालतो. वाईट मालकाच्या जागी चांगला मालक! प्रेक्षक सुटकेचा नि:श्वास टाकतो.

हा वाइल्डमन कोण? सिनेमाच्या पूर्वार्धात गेको त्याच्या तोंडावर सुनावतो की तू ज्या कंपन्या घेतल्यास त्यांतल्या हजारो कामगारांना घरी पाठवलेस. म्हणजे पटकथेला ठाऊक आहे की दोघे एकाच माळेचे मणी आहेत. अखेरच्या अर्ध्या तासात तिला त्याचा सोयिस्कर विसर पडतो.

८/ आता याच १९८५ सालातील खरी विमान कंपनी पाहू. या धाग्याचा खरा गाभा येथे आहे, म्हणून थोडे थांबून वाचा.

ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स, म्हणजेच टीडब्ल्यूए. हॉवर्ड ह्यूज यांच्या काळात नावारूपाला आलेली, अमेरिकेच्या अभिमानाचा विषय असलेली कंपनी. १९८५ मध्ये तिच्यावर दोघांचा डोळा होता. एक फ्रँक लोरेन्झो, दुसरे कार्ल आयकान.

लोरेन्झो यांचे नाव काढले की वैमानिक आणि यंत्रज्ञ यांच्या कपाळाला आठ्या पडत. १९८३ मध्ये त्यांनी कॉन्टिनेन्टल ही आपली विमान कंपनी दिवाळखोरीत नेली होती आणि त्या कायद्याचा आधार घेऊन युनियनशी झालेले करार फाडून टाकले होते.

९/ म्हणून टीडब्ल्यूएच्या वैमानिकांनी आणि यंत्रज्ञांनी काय केले? दगडापेक्षा वीट मऊ, असा विचार करून ते आयकान यांच्या पाठीशी उभे राहिले. स्वतः होऊन वेतनात सवलती दिल्या, का तर लोरेन्झो नको. आयकान यांच्या हाती कंपनी आली.

‘वॉल स्ट्रीट’ची अखेर ज्या तोडग्यावर होते तोच हा तोडगा. युनियनच्या सहकार्याने, वाईट धनाढ्याला टाळून बऱ्या धनाढ्याच्या हाती विमान कंपनी. सिनेमा झळकला डिसेंबर १९८७ मध्ये. तोवर वास्तवात हा प्रयोग दोन वर्षे चालू होता.

१०/ पुढे काय झाले? १९८६ मध्ये टीडब्ल्यूएच्या हवाई सेविकांनी संप केला. त्यांच्या जागी नव्या माणसांची भरती झाली. १९८८ मध्ये आयकान यांनी कंपनीचे शेअर बाजारातून काढून घेतले. त्या व्यवहारात त्यांच्या पदरी सुमारे ४७ कोटी डॉलर पडले आणि कंपनीच्या डोक्यावर ५० कोटी डॉलरांहून अधिक कर्ज चढले. १९९१ मध्ये लंडनचे किफायतशीर हवाई मार्ग विकले गेले. १९९२ मध्ये दिवाळखोरी. २००१ मध्ये उरलीसुरली टीडब्ल्यूए अमेरिकन एअरलाइन्सच्या पोटात गेली.

लोरेन्झो यांचे म्हणाल, तर त्यांनी १९८६ मध्ये ईस्टर्न एअरलाइन्स घेतली. १९८९ मध्ये तेथे संप झाला आणि जानेवारी १९९१ मध्ये ती विमाने कायमची जमिनीवर आली.

दगड काय आणि वीट काय, डोके फुटायचे ते फुटलेच.

११/ स्टोन यांना १९८७ मध्ये पुढची दिवाळखोरी दिसणे शक्य नव्हते, हे मान्य. तो आक्षेप मी घेतही नाही. आक्षेप हा की वाइल्डमन काय चीज आहे हे त्यांना ठाऊक होते, त्यांनीच ते वदवले होते, आणि तरीही शेवट गोड करायची वेळ आली तेव्हा त्यांना त्याच्यापलीकडे कोणी सुचला नाही. संपूर्ण पटकथेत कामगार हा नायकाच्या सदसद्विवेकबुद्धीचा आवाज आहे. तो उपदेश करतो, आजारी पडतो, मुलाला क्षमा करतो. स्वतःच्या कंपनीचे भवितव्य ठरवण्याचे काम मात्र त्याच्याकडे नाही.

१२/ ‘प्रेक्षकांनी चुकीचा अर्थ घेतला’ हे पालुपद आपण नेहमी ऐकतो. मायकल डग्लस यांनी स्वतः सांगितले आहे की तरुण दलाल त्यांना भेटून म्हणत, तुमच्यामुळेच मी या धंद्यात आलो. यावर समीक्षक हळहळतात.

मला हळहळ वाटत नाही. ते भाषण पुन्हा ऐका. गेको आकडे देतो : कंपनीत तेहतीस उपाध्यक्ष, प्रत्येकाला वर्षाला दोन लाख डॉलरांवर पगार, आणि हे सगळे दिवसभर करतात काय, कोणालाच ठाऊक नाही. सबंध सिनेमात अर्थशास्त्राच्या भाषेत बोलणारा हा एकटाच. त्याला आकड्यांनी उत्तर देणारे एकही पात्र स्टोन यांनी लिहिले नाही. एका बाजूला युक्तिवाद आणि दुसऱ्या बाजूला सुविचार असतील, तर विशी-पंचविशीतला प्रेक्षक कोणाकडे झुकणार? त्याने अर्थ अगदी बरोबर घेतला.

(शिवाय ॲलन फ्लसर यांनी गेकोसाठी कपडे असे काही बेतले की निषेध करणारा कॅमेराही त्यांच्यावरून नजर हलवू शकत नाही. बडच्या नव्या घराच्या सजावटीचा प्रसंगही तसाच. निषेधाच्या आवाजात जाहिरात.)

१३/ ‘वॉल स्ट्रीट’ एकटा नाही. त्याच वर्षीचा ‘द सीक्रेट ऑफ माय सक्सेस’ पाहा. कॅन्ससच्या शेतावरून आलेला मायकल जे. फॉक्स न्यूयॉर्कला कामावर हजर होतो तो कंपनी दुसऱ्याने गिळल्यामुळे पहिल्याच दिवशी बेकार होतो. अतिशय खरा प्रसंग, आणि हसण्यावारी नेलेला. शेवटी विजय कसा मिळतो? गिळायला आलेल्याचीच कंपनी गिळून.

१४/ ‘ट्रेडिंग प्लेसेस’ (१९८३) अधिक चतुर आहे आणि मला आवडतो, हे लपवत नाही. दोन म्हातारे धनिक भाऊ एका डॉलरच्या पैजेसाठी दोन माणसांच्या आयुष्याचा खेळ मांडतात. पण त्यांचा सूड कसा उगवला जातो? संत्र्याच्या पिकाचा चोरलेला सरकारी अहवाल नायकांच्या हाती येतो आणि त्यावर ते सट्टा खेळतात.

गंमत अशी की अशा माहितीवर वायदेबाजारात खेळण्यास तेव्हाचा कायदा स्पष्ट मज्जाव करीत नव्हता. २०१० च्या वित्तीय सुधारणा कायद्यात तो आला आणि त्या कलमाला लोक चक्क ‘एडी मर्फी नियम’ म्हणतात. कायद्याला ते छिद्र बुजवायला सत्तावीस वर्षे लागली.

१५/ स्त्रियांच्या बाबतीत तर न्यायासन अधिकच कडक. ‘बेबी बूम’ (१९८७) मधील डायान कीटनला एक मूल सांभाळावे लागताच मॅनहॅटन सोडून व्हरमाँटला जावे लागते. तेथे सफरचंदाच्या बाळखाद्यातून तिला जीवनाचा अर्थ सापडतो. ‘फेटल ॲट्रॅक्शन’ (१९८७) मध्ये मूळ शेवट आत्महत्येचा होता. चाचणी खेळांच्या प्रेक्षकांना तो सौम्य वाटला, म्हणून नव्याने चित्रीकरण करून प्रकाशन संस्थेतील त्या एकट्या स्त्रीला पत्नीच्या हातून गोळी घालण्यात आली. विवाहित वकील महाशय आपल्या घरी सुखरूप. सुझन फालुडी यांनी ‘बॅकलॅश’ (१९९१) मध्ये याची सविस्तर झाडाझडती घेतली आहे. इच्छुकांनी मुळातून वाचावे.

१६/ ‘वर्किंग गर्ल’ (१९८८) मात्र वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा. स्टेटन आयलंडहून रोज फेरीबोटीने येणारी सेक्रेटरी टेस कंपन्यांच्या विलीनीकरणाची कल्पना मांडते, तिची वरिष्ठ ती चोरते, शेवटी टेसला न्याय मिळतो. विकत घेतल्या जाणाऱ्या रेडिओ कंपनीतल्या माणसांचे काय, हे कोणी विचारत नाही.

पण दिग्दर्शक माइक निकोल्स यांनी अखेरच्या दृश्यात एक गोष्ट केली आहे. टेस आपल्या नव्या केबिनमधून मैत्रिणीला आनंदाने फोन करते आणि कॅमेरा खिडकीबाहेर मागे मागे सरकत जातो. तिची खिडकी शेकडो एकसारख्या खिडक्यांत दिसेनाशी होते. सबंध दशकाच्या सिनेमातले सर्वांत प्रामाणिक काही सेकंद, आणि त्यांवर श्रेयनामावली चढते.

१७/ आता अवघड प्रश्न. असे का झाले? दिग्दर्शक भ्याड होते म्हणून? स्टोन यांना भ्याड म्हणणे मूर्खपणाचे ठरेल. त्यांनी हा सिनेमा दलाली करणाऱ्या आपल्या दिवंगत वडिलांना अर्पण केला आहे आणि त्यामागची वेदना खरी आहे.

पण सिनेमा काढणारे स्टुडिओ तेव्हा कोणाच्या मालकीचे होते ते पाहा. ‘वॉल स्ट्रीट’ आणि ‘वर्किंग गर्ल’ दोन्ही ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्सचे. हा स्टुडिओ १९८१ मध्ये तेलसम्राट मार्विन डेव्हिस यांनी मार्क रिच यांच्या साथीने विकत घेतला आणि १९८५ पर्यंत तो रुपर्ट मर्डॉक यांच्या ताब्यात गेला. कोलंबिया १९८२ मध्ये कोका-कोलाने घेतली, १९८९ मध्ये सोनीने.

१८/ आणि डिस्ने! १९८४ मध्ये सॉल स्टाइनबर्ग यांनी डिस्नेला घेरले. कंपनीचे तुकडे होऊ नयेत म्हणून डिस्नेने त्यांचे शेअर चढ्या भावाने परत घेतले. साध्या भाषेत, खंडणी दिली.

सहाच वर्षांनी डिस्नेच्याच टचस्टोन या शाखेने ‘प्रिटी वूमन’ (१९९०) आणला. त्याचा नायक कंपन्या घेऊन तुकड्यांनी विकणारा. ज्या जमातीने कंपनीला गिळायचे ठरवले होते तिचाच प्रतिनिधी आता लिमोझिनमधून पुष्पगुच्छ घेऊन येणारा राजकुमार झाला. तो एक जहाज कंपनी मोडायची सोडून तिच्या वृद्ध मालकाचा भागीदार होतो, आणि त्याच्या धंद्याचे सगळे पाप त्याच्या वकिलाच्या माथी मारले जाते. पुन्हा तेच : चांगला मालक, वाईट माणूस.

कोणी वरून हुकूम सोडला असे मी म्हणत नाही. हुकमाची गरजच नव्हती. ज्या घरात राहायचे त्याच्या पायाविषयी माणसे सहसा विचारत नाहीत.

१९/ एक प्रतिवाद नेहमी येतो : सिनेमाला माणूस लागतो, व्यवस्थेचा चेहरा कसा दाखवणार?

दाखवता येतो. याच फॉक्स स्टुडिओने १९४० मध्ये जॉन फोर्ड यांचा ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ काढला. त्यात जमिनीवरून हुसकावला जाणारा शेतकरी विचारतो की गोळी घालायची तर कोणाला? निरोप घेऊन आलेला म्हणतो मी नाही, कंपनी, कंपनीमागे बँक, बँकेच्या व्यवस्थापकाला हुकूम पूर्वेकडून येतो. नेम धरायला माणूसच सापडत नाही. त्या एका प्रसंगात व्यवस्थेचा चेहरा आहे, तो म्हणजे चेहरा नसणे. सत्तेचाळीस वर्षांनी त्याच स्टुडिओने नेम धरायला गेको दिला आणि सगळ्यांचे समाधान झाले.

२०/ ऐंशीच्या दशकातही एकाने ते करून दाखवले, आणि तेही स्वस्तातल्या विज्ञानपटात. जॉन कार्पेंटर यांचा ‘दे लिव्ह’ (१९८८). बेकार मजूर लॉस एंजेलिसला येतो, बेघरांच्या वस्तीत राहतो, पोलीस बुलडोझर घालून ती वस्ती मोडतात. मग त्याला एक काळा चष्मा सापडतो. तो घातला की जाहिरातफलकांमागची आज्ञा दिसते आणि नीटनेटक्या सुटातले यशस्वी लोक परग्रहावरचे निघतात. माणसेही पैशासाठी त्यांना सामील असतात.

कार्पेंटर यांनी हा सिनेमा रेगन यांच्या अर्थनीतीवरच असल्याचे उघड सांगितले आहे. कुस्तीगीर रॉडी पायपर नायक, पाच-सहा मिनिटे चालणारी एक अजब मारामारी. समीक्षकांनी नाके मुरडली नसती तरच नवल. (आणि हो, हा सिनेमा युनिव्हर्सलसारख्या मोठ्या स्टुडिओनेच प्रदर्शित केला. म्हणजे कोणी हात बांधलेले नव्हते.) पण बुलडोझर, बेकारी आणि सुटातला यशस्वी तरुण हे तिन्ही एकाच चौकटीत त्यानेच आणले. ऑस्कर मात्र गेकोला.

२१/ शेवटी कायद्याची बाजू, कारण सिनेमाने ती जशीच्या तशी उचलली आहे. गेकोच्या भाषणाची प्रेरणा समजले जाणारे इव्हान बोस्की मे १९८६ मध्ये बर्कलेच्या विद्यार्थ्यांपुढे हावेची तरफदारी करून गेले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये दहा कोटी डॉलर भरण्यास कबूल झाले. गुन्हा कोणता? आतल्या माहितीवर शेअरचे व्यवहार. बड फॉक्सलाही बेड्या पडतात त्या याच गुन्ह्यासाठी. ब्लूस्टार मोडायला काढणे हा गुन्हा ना सिनेमात, ना कायद्यात.

२२/ २०१२ मध्ये एफबीआयने एक जनजागृतीपट काढला. त्यात आधी गेकोचे ते भाषण दिसते आणि मग पांढऱ्या केसांचे मायकल डग्लस कॅमेऱ्याकडे पाहून सांगतात की तो सिनेमा काल्पनिक होता, पण हा प्रश्न खरा आहे, असा गैरव्यवहार आढळला तर कळवा. प्रश्न म्हणजे इनसायडर ट्रेडिंग. टीडब्ल्यूएच्या डोक्यावर कर्ज ठेवून ४७ कोटी डॉलर ज्या व्यवहारात बाहेर गेले, तो कळवण्यासाठी एफबीआयने कोणताही क्रमांक दिलेला नाही. तो व्यवहार कायदेशीर होता.